बारसूची बातमी संपली म्हणणाऱ्यांना

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, आमच्या वाडीच्या ग्रुपवर पण आला, की आमच्या राजापूर तालुक्यातल्या (जि. रत्नागिरी) बारसू रिफायनरीचं मीडियाने भरपूर दाखवून झालं, आता त्यात नवीन काही नाही, विरोध करणारे बाहेरचे होते आणि जमिनी कोणी घेतल्या हा खाजगी मामला आहे, त्यात पेपरवाल्यांनी पडू नये. वाचून खूप राग आला म्हणून लिहितोय.

भरपूर दाखवलं म्हणजे कधी दाखवलं? एप्रिल २०२३ ला सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, माती परीक्षणाच्या मशिनी आल्या, बायका डोक्यावर पदर घेऊन भर उन्हात तापलेल्या कातळावर आडव्या झाल्या, मग अश्रुधूर, लाठ्या, धरपकड, तेवढे दिवस चॅनलच्या गाड्या होत्या. मशिनी गेल्या, गाड्याही गेल्या. पण विषय २०१७ पासूनचा आहे ओ. तीन सरकारी तेल कंपन्यांची वर्षाला ६ कोटी टनांची रिफायनरी आधी याच तालुक्यातल्या नाणारला येणार होती, २०१९ च्या लोकसभेच्या तोंडावर तिथलं भूसंपादन रद्द झालं, जानेवारी २०२२ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून बारसूची जागा सुचवली, आणि २०२३ ला सत्ता गेल्यावर तेच बारसूत येऊन लोकांच्या बाजूने बोलले. सगळ्याच पक्षांनी खुर्ची बघून भूमिका बदलल्या. बारसू नक्की कोणाला विचारून ठरलं, हे एकेका नेत्याला समोर बसवून कोणी विचारलं का?

आता बाहेरचे. आमच्याकडचा कुठलाही सातबारा उघडा, एका गुंठ्याला वीस-वीस हिस्सेदार, त्यातले निम्मे डोंबिवली, विरार, परळला. नोकरीसाठी मुंबईला गेला म्हणून चाकरमानी बाहेरचा होत नाही, शिमग्याला पालखी त्याच्याही दारात येते. आणि सड्यावर झोपलेल्या बायका तर गावातल्याच होत्या, त्यांच्यापर्यंत जाऊन बोललं तर कळेल.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा जमिनीचा. प्रकल्प जाहीर व्हायच्या आधी बाहेरच्या लोकांनी जमिनी घेऊन ठेवल्या हा आरोप नाणारपासून होतोय. खरा की खोटा ते तपासता येतं, यासाठी कोणाच्या घरात शिरावं लागत नाही. फेरफार बघा, नोंदणी खात्याची सूची दोन बघा, खरेदीखताची तारीख, घेणाऱ्याचं नाव, किंमत सगळं त्यात असतं, त्या तारखा प्रकल्पाच्या घोषणांच्या शेजारी ठेवा. ज्या जमिनीला पुढे सरकारी पैशातून मोबदला मिळू शकतो तिची खरेदी खाजगी मामला कशी?

हे काम करणारा माणूस आमच्याकडे होता. शशिकांत वारिशे, महानगरी टाइम्सचे पत्रकार, रिफायनरीवर सतत लिहायचे. ६ फेब्रुवारी २०२३ ला त्यांची बातमी छापून आली, त्याच दिवशी राजापुरात त्यांना गाडीने उडवलं, बातमी ज्याच्याबद्दल होती तोच गाडी चालवत होता असा आरोप आहे, दुसऱ्या दिवशी ते गेले. राज्यभरचे पत्रकार रस्त्यावर उतरले, मग खुनाचं कलम लागलं. त्या खटल्याची शेवटची बातमी तुम्ही कधी वाचली ते आठवून बघा.

आणि नवीन काही नाही म्हणे. बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं, २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्याच सड्यावर ड्रिलिंग झालं. त्या परीक्षणाचा रिपोर्ट काय आला हेसुद्धा बातमीच आहे.

संपादकांना हात जोडून सांगणं आहे, राजापूरला एक माणूस महिनाभर बसवा. लाठी पडायची वाट बघू नका. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जाऊ दे, कोर्टाच्या तारखेला हजर राहू दे, माहिती अधिकारात रिपोर्ट मागू दे. वाचणाऱ्यांनी तो मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा आपण जो पेपर विकत घेतो त्याच्या संपादकाला दोन ओळी लिहा, वारिशेंच्या खटल्याचं काय झालं एवढं विचारलं तरी चालेल.