‘४११० टाका, शंटवर सोल्डर मारा’: दहा किलोवॅटच्या घरगुती कंट्रोलरचा हिशेब

इलेक्ट्रिक बाइकवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, मसुदा तोच: ‘कंपनीच्या मोठ्या कंट्रोलरवर पैसे घालवू नका. जुना ४८ व्होल्टचा, १२ मॉसफेटवाला कंट्रोलर उघडा. मॉसफेट काढून आयआरएफबी ४११० टाका, प्रत्येक १२० अँपिअरचा आहे. शंटवर सोल्डर मारा, ट्रॅकवर तांब्याची तार टाका, ७२ व्होल्टची बॅटरी जोडा. झाला दहा किलोवॅटचा कंट्रोलर. अजून ताकद हवी तर वायर बाहेर काढून आणखी मॉसफेट जोडा. फार तर मॉसफेट उडेल आणि गाडी थांबेल. बॅटरीला बीएमएस आहेच.’

कंट्रोलर म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्यामधला डबा, मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा. मॉसफेट हे त्यातले इलेक्ट्रॉनिक स्विच, शंट म्हणजे करंट मोजण्यासाठीचा धातूचा छोटा तुकडा, आणि बीएमएस म्हणजे बॅटरीतले सेल सांभाळणारं सर्किट. घरी कंट्रोलर बनवण्याला माझा विरोध नाही. स्वीडनच्या बेंजामिन व्हेडर यांनी त्यांच्या व्हेस्क कंट्रोलरचं सर्किट आणि सॉफ्टवेअर दोन्ही जगासाठी खुलं ठेवलंय, आणि त्यावरून लोकांनी उत्तम कंट्रोलर बनवले आहेत. माझं भांडण या मेसेजमधल्या गणिताशी आहे.

पहिला आकडा १२० अँपिअरचा. तो ४११०च्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात आहे, खोटा नाही. पण त्याच ओळीत अट आहे: मॉसफेटची पाठ २५ अंशांवर धरून ठेवली तर. सीटखालच्या बंद डब्यात, एप्रिलच्या दुपारी, पाठ २५ अंशांवर ठेवणारा हीटसिंक अजून कोणी बनवलेला नाही. आता खरा हिशेब करू. ४११०चा चालू अवस्थेतला रेझिस्टन्स थंड असताना साधारण ३.७ मिलिओहम. १०० अँपिअर गेले तर ३७ वॅट. तापला की हा रेझिस्टन्स दीडपटीच्या वर जातो, म्हणजे साठेक वॅट. आतल्या चिपपासून पाठीपर्यंत दर वॅटला ०.४ अंश, आणि मध्ये इन्सुलेशनचा पॅड असेल तर त्याचा आणखी एखादा अंश. हीटसिंक ७० अंशांवर असेल तर चिप दीडशेच्या पुढे गेली, आणि स्विचिंगची उष्णता अजून मोजलेलीच नाही. या आकाराच्या मॉसफेटकडून सतत ३०-४० अँपिअर मागावेत, त्यापलीकडे सेकंदांचा खेळ.

आणि मेसेजमागचा ‘१२ गुणिले १२०’ हा हिशेब तर मुळातच चुकीचा. बारा मॉसफेट तीन फेजमध्ये, म्हणजे मोटरच्या तीन वायरींत वाटलेले असतात, प्रत्येक फेजला वर दोन आणि खाली दोन. एका फेजचा करंट कुठल्याही क्षणी फक्त दोघांच्या जोडीतून जातो. दहा किलोवॅट म्हणजे ७२ व्होल्टला बॅटरीकडून जवळपास १४० अँपिअर. दोघांची सततची मर्यादा साठ-ऐंशीच. हिशेब इथेच संपायला हवा होता.

मॉसफेट खरे आहेत का, हा वेगळाच प्रश्न. पुण्याच्या तपकीर गल्लीतून घ्या, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, घरी आल्यावर मोजा. गेट म्हणजे मॉसफेट चालू-बंद करणारं टोक. अस्सल ४११०ची गेट कपॅसिटन्स डेटाशीटमध्ये ९६२० पिकोफॅरड दिली आहे, तीही ५० व्होल्ट ताण असताना. साध्या कंपोनंट टेस्टरवर ताण नसतो, त्यामुळे आकडा त्याहून जास्तच दिसायला हवा. तीन-चार नॅनोफॅरड दिसले तर आत छोटी चिप आहे, वर छापलेलं नाव काहीही असो.

आता शंट. शंटवर सोल्डर चढवलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, कंट्रोलरला करंट कमी भासतो आणि तो जास्त करंट सोडतो. इथवर मेसेज बरोबर आहे. पण शंट कॉन्स्टंटनसारख्या मिश्रधातूचा का करतात? गरम झाला तरी त्याचा रेझिस्टन्स जवळपास हलत नाही म्हणून. सोल्डरचा हलतो, १०० अंश चढले की ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मर्यादा ठरवणारी गोष्टच तापमानाबरोबर बदलणार. थर किती जाड बसला यावर ४० अँपिअरची मर्यादा ६० झाली की ११० हे डीसी क्लॅम्प मीटर लावल्याशिवाय कळत नाही, आणि मेसेजमध्ये क्लॅम्प मीटरचा उल्लेखही नाही.

शंटमध्ये याहून मोठी गोम आहे. स्वस्त कंट्रोलरमध्ये एकच शंट असतो आणि तो बॅटरीचा करंट मोजतो. मोटरच्या वायरमधला फेज करंट वेगळा. गाडी हळू चालते आणि ॲक्सिलरेटर पिळलेला असतो तेव्हा कंट्रोलर व्होल्टेज कमी करून करंट वाढवतो. २० टक्के ड्युटी सायकलला, म्हणजे स्विच वीस टक्के वेळच चालू असताना, बॅटरीकडून ४० अँपिअर येत असतील तर फेजमध्ये २०० जातात. म्हणून खंबाटकी घाटाच्या चढावर, मागे माणूस बसवून, दहा-बारा किलोमीटरच्या वेगाने जाताना कंट्रोलर जळतो. सपाट रस्त्यावर साठने जाताना तोच कंट्रोलर कोमट असतो. अशा कंट्रोलरच्या रीलमधली टेस्ट नेहमी सपाट रस्त्यावर का असते, ते यावरून कळेल. शंटचा रेझिस्टन्स निम्मा केला की बॅटरीच्या करंटबरोबर हा फेज करंटही दुप्पट होतो, आणि तो मोजणारं तिथे कोणी नसतं. चांगले कंट्रोलर फेज करंट स्वतंत्रपणे मोजतात आणि मॉसफेट त्याच आकड्यावर वाचवतात.

‘आणखी मॉसफेट जोडा’ हा सल्ला ऐकायला सगळ्यात निर्दोष वाटतो. दोनाच्या जागी सहा समांतर लावले तर प्रत्येकावर भार कमी, आणि तापलेल्याचा रेझिस्टन्स वाढत असल्याने करंट आपोआप वाटला जातो. मॉसफेट पूर्ण चालू असतो तोवर हे खरं. पण तो सेकंदाला सोळा हजार वेळा चालू-बंद होतो, आणि प्रत्येक वेळी मध्ये एक अर्धवट अवस्था येते. तिच्यात त्याच्यावर व्होल्टेजही असतं आणि त्यातून करंटही जात असतो. ही अवस्था किती वेळ टिकते ते गेटला करंट देणारा ड्रायव्हर ठरवतो. एका ४११०ला या टप्प्यात साधारण ४३ नॅनोकूलंब चार्ज लागतो, सहांना मिळून २६०च्या घरात. बोर्डावरचा ड्रायव्हर ०.२ अँपिअर देतो असं धरू, कारण तो दोन मॉसफेटसाठी बनवलेला होता. वेळ झाला १.३ मायक्रोसेकंद. ८४ व्होल्ट आणि २०० अँपिअर फेज करंट असेल तर प्रत्येक स्विचिंगला सुमारे ११ मिलिज्यूल जळतात. चालू होताना एकदा, बंद होताना एकदा, सेकंदाला सोळा हजार फेऱ्या: साडेतीनशे वॅट. सहा मॉसफेटमधून २०० अँपिअर नुसते वाहताना होणारी उष्णता तापलेल्या अवस्थेतही ४० वॅटच्या आसपास. रेझिस्टन्स कमी करायला मॉसफेट वाढवले, आणि हीटसिंकवर निम्म्या इस्त्रीइतकी उष्णता आणून ठेवली.

त्याहून वाईट पुढे आहे. वरचा मॉसफेट बंद होऊन खालचा चालू होईपर्यंत कंट्रोलर थोडा वेळ दोघांनाही बंद ठेवतो, त्याला डेड टाइम म्हणतात. स्वस्त बोर्डात तो एखाद्या मायक्रोसेकंदाचा असतो आणि चिपमध्ये पक्का लिहिलेला असतो. गेट सुस्त झाले की वरचा पुरता बंद व्हायच्या आत खालचा उघडतो, आणि बॅटरी थेट शॉर्ट. आवाज होतो तो याचा. समांतर मॉसफेट लावायचे तर प्रत्येकाला स्वतःचा गेट रेझिस्टर, सगळ्यांपर्यंत सारख्याच लांबीचा रस्ता आणि दोन अँपिअरच्या वरचा ड्रायव्हर, एवढं आधी. मग मॉसफेट मोजा.

पण ड्रायव्हर जोरदार केला की दुसरं टोक उघडं पडतं, आणि हाच भाग रीलवाल्यांच्या कधी तोंडी येत नाही. ७२ व्होल्टची बॅटरी म्हणजे लिथियम-आयनचे २० सेल मालिकेत, पूर्ण चार्जला ८४ व्होल्ट. मॉसफेट १०० व्होल्टचा. शिल्लक १६. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये बसवलेल्या कपॅसिटरपासून मॉसफेटपर्यंतच्या वाटेत फक्त २० नॅनोहेन्री इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) असेल आणि १०० अँपिअर ५० नॅनोसेकंदांत तोडले, तर क्षणभर ४० व्होल्टचा जादा झटका येतो. ८४ आणि ४० मिळून १२४. साध्या वायरीला दर सेंटिमीटरला सात-आठ ते दहा नॅनोहेन्री असतात, म्हणजे २० नॅनोहेन्री म्हणजे जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर. आणि मेसेज म्हणतो वायर बाहेर काढून मॉसफेट जोडा! कारखान्याचे बोर्ड याच १०० व्होल्टच्या मॉसफेटवर ७२ व्होल्टला चालतात, ही गोष्ट खरी. ते चालतात कारण कपॅसिटर मॉसफेटला चिकटून आहेत, स्विचिंग मुद्दाम हळू ठेवलंय आणि करंट आवरलेला आहे. मेसेज यातली एकेक गोष्ट मोडत जातो. शिवाय ४८ व्होल्टच्या कंट्रोलरमधले मोठे कपॅसिटर बहुधा ६३ व्होल्टचे असतात. तिथे ५४.६ व्होल्टपर्यंतच जायचं होतं. त्यावर ८४ जोडले तर मॉसफेटची पाळी यायच्या आधी तेच फुगतील.

ज्याला खरंच बनवायचंय त्याने व्होल्टेजचे क्षणाक्षणाचे चढउतार दाखवणारा ऑसिलोस्कोप मिळवावा. विकत नको, कुणा कॉलेजच्या लॅबमध्ये बसून पाहा. मोटरच्या वाइंडिंगमध्ये काही मायक्रोसेकंदांचा एकच पल्स द्यायचा आणि बंद होताना मॉसफेटवर किती व्होल्ट उसळतात ते बघायचं. करंट हळूहळू वाढवत न्यायचा. पहिल्यांदा पॉवर देताना मालिकेत शंभर वॅटचा साधा फिलामेंट बल्ब लावा. वायरमनचा सिरीज बोर्ड इथेही तेच काम करतो: शॉर्ट असेल तर बल्ब लागतो, मॉसफेट वाचतात.

‘मॉसफेट उडेल आणि गाडी थांबेल.’ कशी थांबेल, हे विचारायला हवं. मॉसफेट उडतो तेव्हा बहुतेक वेळा तो शॉर्ट होऊन बसतो. ब्रशवाल्या डीसी मोटरच्या साध्या कंट्रोलरमध्ये याचा अर्थ पूर्ण ॲक्सिलरेटर, हात सोडला तरी. गिअर नसलेल्या हब मोटरमध्ये उलटं होतं. शॉर्ट झालेल्या मॉसफेटमधून आणि शेजारच्या डायोडमधून मोटर स्वतःचाच करंट फिरवते आणि चाकाला जोरदार ब्रेक लागतो. पावसाळ्यात, पुढच्या चाकात मोटर असताना, साठच्या वेगाला हे झालं तर ‘गाडी थांबेल’ म्हणणारा मागे बसलेला असावा. ॲक्सिलरेटरचंही तसंच. तो किती पिळलाय ते सांगणाऱ्या हॉल सेन्सरची ग्राउंड वायर तुटली की सिग्नल पाच व्होल्टच्या जवळ जातो आणि कंट्रोलरला तो पूर्ण पिळलेला ॲक्सिलरेटर वाटतो. म्हणून ठरावीक व्होल्टेजच्या वर गेलेला सिग्नल बिघाड समजून मोटर बंद करणं सॉफ्टवेअरमध्ये हवंच, आणि ब्रेक लिव्हरचा कट-ऑफ वेगळ्या वायरीने.

कायद्याचं मेसेजला काही पडलेलं नाही. २५० वॅटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच ई-बाइक नोंदणीतून सुटते. दहा किलोवॅट त्याच्या चाळीसपट. शेतातल्या वाटेवर किंवा बंद मैदानात चालवा, रस्त्यावर अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल.

राहिला बीएमएस. तो सेल वाचवायला असतो. ब्रेकिंगमधून करंट परत येत असताना बॅटरी भरलेली आहे म्हणून बीएमएसने दार बंद केलं, तर मोटरची ऊर्जा जाणार कुठे? कपॅसिटरचं व्होल्टेज चढत जातं आणि १०० व्होल्टचा मॉसफेट पुन्हा मरतो. त्यामुळे व्होल्टेज वाढलं की ब्रेकिंग आवरणारी मर्यादा कंट्रोलरमध्येच पाहिजे. आणि बीएमएसमधले स्विचही मॉसफेटच आहेत, तेही शॉर्ट होऊन बसू शकतात, म्हणून फ्यूज वेगळा. तिथे बरेच जण घरातला एमसीबी किंवा कारचा पातीचा फ्यूज लावतात. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, ठिणगी तिथे विझते. डीसीला शून्य नाही. बऱ्याच एमसीबींची डीसी मर्यादा एसीपेक्षा कितीतरी कमी असते आणि कारचा फ्यूज बहुधा ३२ व्होल्टचा, ८४ व्होल्टला तो वितळूनही आतली ज्योत चालू राहू शकते. फ्यूजवर डीसी व्होल्टेज छापलेलं असावं, ते ८४च्या बरंच वर असावं, आणि फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतराच्या आत बसवावा.