मुका मार

सकाळपासून तो एकच व्हिडिओ चार ग्रुपवरून आलाय. वॉर्डातल्या कॉटवर पोरगं पडलंय, हाताला सलाईन, आणि त्याचे काका मोबाईल धरून ओरडतायत, "पोटात रक्त झालंय, रिपोर्टमध्ये लिहिलंय, आणि डॉक्टर नुसते बघत बसलेत!" खाली कमेंटींचा पाऊस. "पैसे भरले नसतील." "सरकारी आहे ना, मग असंच." आणि सगळ्यात जास्त लाइक कशाला, तर "प्रायव्हेटला नेला असता तर दोन तासांत ऑपरेशन झालं असतं" याला. या कमेंटने डोकं फिरलं, कारण ती खरी असू शकते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वॉर्डात आलेला एक मुलगा सांगते. आठ वर्षांचा, वजन २० किलो. थोरल्या भावाची सायकल हाफ पायडल मारत होता. चिखलात पुढचं चाक वळलं, हँडल आडवं झालं आणि पोरगं त्याच्या टोकावर पडलं. वेग चालण्याएवढा. हातापायाला खरचटलंसुद्धा नाही. डाव्या बरगडीखाली रुपयाच्या नाण्याएवढा लालसर गोल डाग, बस. आजीने "मुका मार आहे" म्हणून हळद लावून झोपवलं. संध्याकाळी डावा खांदा दुखतो म्हणाला. खांद्याला काही लागलंच नव्हतं. पोटातलं रक्त श्वासाच्या पडद्याला खालून लागलं की दुखणं खांद्यात जाणवतं. खांदा धरून आलेल्या मुलाचा शर्ट वर करून पोट बघायचं असतं, ते यासाठी.

त्या आजीला कोणी नावं ठेवू नका. मोठ्या माणसाची फासळी मोडते आणि मग आत मार लागतो. मुलांची फासळी वेतासारखी वाकते, परत सरळ होते, आणि आतली प्लीहा (जुन्या लोकांची पाणथरी, डाव्या बरगड्यांखालचा रक्ताने भरलेला अवयव) फाटते. वरून काही कळत नाही. मुका मार शब्द किती अचूक आहे बघा.

आता हिशोब. मुलाच्या अंगात किलोमागे साधारण ८० मिली रक्त. २० किलोला १६०० मिली. त्यातलं ४०० मिली पोटात गेलं तरी बीपी जवळजवळ जागच्या जागी असतं, कारण मुलाचं हृदय पळायला लागतं आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात. बीपी पडतं तेव्हा पाणी डोक्यावरून गेलेलं असतं. म्हणून बघायचं ते नाडी, तळपाय गार आहेत का, नख दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परततो का. आणि मूल गप्प झालंय का. रडणारं पोर शांत झालं की नातेवाइकांना हायसं वाटतं, आमच्या पोटात गोळा येतो.

त्या मुलाची नाडी १४०, म्हणजे पळत होती. पण बीपी ९४. कागदावर एकदम छान! आठ वर्षांच्या मुलाची खालची हद्द म्हणजे ७० अधिक वयाची दुप्पट, ८६. लिहिणारा लिहून मोकळा झाला असता. पण सिस्टरने तळपायाला हात लावला आणि ओरडली.

मग ऑक्सिजन, दोन सुया. दीड मिनिटात शीर मिळाली नाही तर गुडघ्याच्या खाली नडगीच्या हाडात सुई घालायची, शीर शोधत टोचत बसायचं नाही. त्याची मिळाली. कोमट सलाईन किलोला २० मिली, म्हणजे ४००. त्यानंतरही नाडी पळतेय, तर आणखी सलाईन ओतायचं नाही, रक्त द्यायचं, किलोला १० मिली. नुसत्या पाण्याने रक्त पातळ होतं, मूल गार पडतं, आणि गार पडलेल्या मुलाचं रक्त गोठत नाही. नाकातून पोटात नळी, कारण रडताना मुलं इतकी हवा गिळतात की पोट ढोलासारखं फुगतं आणि तपासणारा फसतो. २०० मिली रक्तावर नाडी ११०ला आली, पाय गरम झाले, मगच सीटी. जे मूल स्थिर नाही त्याला सीटीच्या टेबलावर न्यायचं नसतं. रिपोर्ट आला, प्लीहा फाटलीय, पाचांतली तिसरी श्रेणी, पोटात रक्त.

आणि कोणी कापलं नाही.

व्हिडिओतल्या काकांना नेमकं हेच कळत नाहीये, आणि त्यांना कोणी बसवून सांगितलंही नसणार. एके काळी कापतच होते. प्लीहा फाटली की काढून टाका, तिचा उपयोगच काय, अशी समजूत. १९५२ मध्ये अमेरिकेत किंग आणि शूमाकर यांनी प्लीहा काढलेल्या पाच तान्ह्या बाळांची नोंद छापली. रक्ताच्या आजारासाठी काढली होती आणि पुढे भयंकर जंतुसंसर्ग झाले. प्लीहा रक्त गाळते. न्यूमोकॉकससारखे जाड कवचाचे जंतू तीच पकडते. ती नसेल तर सकाळचा ताप संध्याकाळपर्यंत जीव घेऊ शकतो, आणि ही टांगती तलवार जन्मभर. लसी द्या, पेनिसिलिन द्या, तरी पूर्ण जात नाही.

टोरोंटोच्या मुलांच्या रुग्णालयात काही मुलांना न कापता ठेवायला सुरुवात झाली होती. आपले पुरुषोत्तम उपाध्याय तिथे शिकत होते. त्यांनी तिथले सर्जन सिम्पसन यांच्याबरोबर तिथल्या मुलांचे जुने केसपेपर काढून वाचले, आणि १९६८ मध्ये ५२ मुलांचा अभ्यास छापला. त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समधून माकडांवरचा प्रयोग आला, फाटलेली प्लीहा आपोआप भरून येते हे दाखवणारा. लहान मुलांच्या प्लीहेचं आवरण जाड आणि लवचीक असतं, रक्त स्वतःच थांबतं. आज जगभर प्लीहा फाटलेल्या दहांतल्या नऊहून जास्त मुलांना सुरी लागत नाही. आणि आमच्या ग्रुपवर, एम्सच्या देशात, २४ तास उलटले तरी कापलं नाही म्हणून शिव्या.

बघत बसणं म्हणजे काय ते ऐका. दर तासाला नाडी, बीपी, पाय. पहिल्या दिवशी सहा-सहा तासांनी हिमोग्लोबिन. पोटावर शक्यतो एकाच डॉक्टरचा हात, कारण "सकाळपेक्षा घट्ट वाटतंय" हे सकाळी हात लावलेल्यालाच कळतं. जुळवलेलं रक्त राखून, थिएटर सांगून ठेवलेलं. २४ तासांत किलोला ४० मिलीपर्यंत, म्हणजे अंगातल्या निम्म्या रक्ताएवढं, रक्त देऊनही नाडी थाऱ्यावर येत नसेल तर मग चर्चा नाही, थेट थिएटर. किती फाटलंय यावर निर्णय नसतो, मूल कसं आहे यावर असतो. ऑपरेशन तासा-दीड तासाचं काम आहे. हे दोन-तीन रात्रींचं आहे, आणि त्याचं बिल होत नाही. आता कळलं प्रायव्हेटवाली कमेंट का झोंबली?

बरं, काही ठिकाणी "निरीक्षणाखाली" लिहून सकाळपर्यंत कोणी फिरकत नाही. मान्य. आणि जिथे रात्री रक्त मिळत नाही तिथे प्लीहा काढून मूल जिवंत ठेवणाऱ्या सर्जनला मी चूक म्हणणार नाही.

डोक्याला लागलं की लगेच "सीटी करा ना" म्हणणाऱ्यांनाही हेच सांगणं. अमेरिकेत २५ इमर्जन्सी विभागांत ४२,४१२ मुलांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये छापून आला, कशासाठी? कोणत्या मुलाला सीटी नको हे ठरवण्यासाठी. एखादी गोष्ट न करायला एवढी मेहनत लागते.

आपल्याकडे मात्र किती कॅज्युअल्टींत मुलांचा वजनकाटा आहे? सगळी औषधं किलोवर, आणि वजन "असेल वीसेक". उंचीवरून वजन सांगणारी अमेरिकन फीत असते कुठे कुठे, पण ती तिथल्या मुलांवर बेतलेली, आपली मुलं बारीक, वजन जास्त दाखवते. बीपीचा पट्टा मोठ्यांचा. तो मुलाच्या दंडाला गुंडाळला की बीपी आहे त्यापेक्षा कमी येतं, मग नाहक सलाईन. छोटा पट्टा? कपाटात. कपाटाची किल्ली? जाऊ दे.

आणि केसपेपर! "फॉल फ्रॉम सायकल." संपलं. हँडल लागलं की रस्ता लागला, वजन किती, आला तेव्हा नाडी किती, काही नाही. ते ५२ मुलांचं संशोधन कशातून झालं? कोणीतरी रात्री दोन वाजता नीट लिहून ठेवलेल्या केसपेपरांतून. आमचे कागद पावसात भिजतात आणि मग रद्दीत जातात.

असो. त्या मुलाचं सांगते. हँडलचा मार असला की प्लीहेवर नजर ठेवताना स्वादुपिंड आणि लहान आतड्याचा पहिला भाग विसरायचा नसतो, तिथली दुखापत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोंड वर काढते. दुसऱ्या रात्री त्याला उलटी झाली. सगळा वॉर्ड झोपलेला, सिस्टरने मोठा दिवा लावून उलटीचा रंग बघितला. हिरवी म्हणजे आतडं अडल्याची शंका. हिरवी नव्हती. नुसतं पाणी.

त्याच्या आईला पहिल्या रात्री सिस्टरने एकच सांगितलं होतं, पाय गार लागले तर हाक मारा. ती बाई कॉटच्या पायथ्याशी स्टुलावर बसून रात्रभर त्याचे तळपाय हातात धरून होती. डॉक्टर आले की विचारायच्या आत सांगायची, "गरम आहेत." तिला कोणीतरी समजावून सांगितलं होतं, एवढाच फरक तिच्यात आणि त्या काकांत. काकांवरचा राग इथवर लिहिता लिहिता गेला बहुतेक. कमेंटवाल्यांवरचा नाही.

चौथ्या दिवशी तो घरी गेला. श्रेणीत दोन मिळवायचे तितके आठवडे पळापळ, झाडावर चढणं, सायकल बंद. त्याला पाच. पोट दुखलं, चक्कर आली, शी काळी झाली तर लगेच परत. हे कागदावर मराठीत लिहून दिलं.

भावाने सायकल आणून दाखवली होती. हँडलच्या डाव्या टोकाची रबरी मूठ गेलेली, नुसती उघडी नळी, कड धारदार. पोटावरचा गोल डाग बरोबर तिच्याच मापाचा. नवी मुठींची जोडी सायकलवाल्याकडे वडापावच्या पैशांत मिळते. व्हिडिओ फॉरवर्ड करणाऱ्यांनो, खाली पार्किंगमध्ये जा, आपल्या पोरांच्या सायकली बघा आणि मुठींचे फोटो इथे कमेंटमध्ये टाका.