लोणारला जाता, पण खाली उतरता का?

मंडळी, लोणारला उल्केच्या आघातानं झालेलं विवर आणि त्यातलं सरोवर बघायला येणारी बहुतेक माणसं वरच्या काठावर उभी राहून फोटो काढतात आणि तशीच गाडी शेगावकडे वळवतात. जीव तुटतो हो हे बघून. आमच्या बुलडाणा जिल्ह्याचं खरं वैभव त्या विवराच्या तळाशी, पाण्याच्या काठाला आहे.

धारेवरून, म्हणजे गोमुखाच्या झऱ्यापासून, उतरायला लागा. गोमुखातून बारमाही गोडं पाणी पडतं, आणि खाली सरोवराचं पाणी मात्र खारं, बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागणारं. पुढे झाडीतून काठाकाठानं चालत गेलात की एकेक देऊळ समोर येतं. रामगया, वाघ महादेव, मोर महादेव आणि मग कमळजा देवीचं. माझी आत्या दर नवरात्रात कमळजेची ओटी भरायला एवढं सगळं उतरून जायची, गुडघे दुखत असतानाही. देवळाजवळच्या सासू-सुनेच्या विहिरीत अर्धं पाणी गोड अन् अर्धं खारं, हे मला तिनंच ओंजळीनं चाखवून दाखवलं होतं.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा उतरलो. एका पडक्या देवळाच्या छतात, दोन शिळांच्या सांध्यातून पिंपळाचं मनगटाएवढं मूळ खाली आलेलं. एक शिळा त्यानं चांगली चार बोटं उचललीये. शेकडो वर्षं उभं राहिलेलं हे काम एका रोपट्यानं उकलत चाललंय. रोप बोटाएवढं होतं तेव्हाच कुणी उपटलं असतं तर?

१८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या सरोवराची नोंद केली, म्हणून आपण त्याचं नाव घेतो. पण त्याच्या कितीतरी आधी इथल्या लोकांनी विष्णूनं मारलेल्या लवणासुर दैत्याची कथा सांगितली, गावात दैत्यसूदनाचं एवढं देखणं मंदिर उभारलं. ते बघताना मान वर करून छतावरचं कोरीवकाम जरूर बघा, घाई करू नका.

२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळीकडे बातम्या झाल्या. त्याच वर्षी रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला, आनंदच आहे. पण आता पाणी वाढत वाढत कमळजेच्या देवळाला भिडलंय, त्याची चर्चा जिल्ह्याबाहेर फारशी होत नाही. विवर, पाणी आणि देवळं यांचा विचार एकत्रच व्हायला हवा. पाणथळ जागेचं रक्षण करताना काठावरचे दगड वाऱ्यावर सोडून कसं चालेल?

या हिवाळ्यात येणार असाल तर अर्धा दिवस हातात ठेवा, गावातला वाटाड्या सोबत घ्या आणि सकाळी लवकर उतरा. चढताना ऊन लागतं.