फिशरची ट्यूब मागण्याआधी

काही गिऱ्हाइकं दुकान रिकामं होईपर्यंत काउंटरच्या कोपऱ्यात ओआरएसची पाकिटं चाळत उभी राहतात. शेवटचा माणूस गेला की पुढे येतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, ‘ताई, ती... मूळव्याधीची ट्यूब द्या.’ मूळव्याध आहे असं कोणी सांगितलं? कोणीच नाही. आग होतेय, कागदावर थोडं रक्त दिसलं, मेहुण्याला असंच झालं होतं आणि त्याने हीच लावली होती. मग खिशातून मेहुण्याची चेपलेली ट्यूब निघते. नाव अर्धं पुसलेलं, एक्स्पायरी तर दिसतच नाही.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नाही, पण ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत काय छापलंय ते वाचणं आहे. ते वाचून वाचून माझं एक मत पक्कं झालंय, म्हणून ही लांबलचक पोस्ट. ताज्या फिशरमध्ये, म्हणजे गुदद्वाराला नुकत्याच पडलेल्या चिरेत, ‘ट्यूब कुठली’ हा प्रश्न दुसरा येतो, पहिला पोटाचा. आणि तो विचारायचाच असेल तर कंपनीच्या नावाने विचारू नका. ती ट्यूब नुसतं बधिर करते, की आवळलेला स्नायू सैल करते, हे विचारा. (जेवता जेवता वाचत असाल तर नंतर वाचा. पण वाचा.)

फिशर म्हणजे गुदद्वाराच्या कडेच्या नाजूक कातडीला पडलेली चीर. बहुतेकदा ती कडक शौचामुळे पडते आणि मागच्या बाजूला बरोबर मधोमध असते. बायकांमध्ये काही वेळा पुढच्या बाजूलाही, विशेषतः बाळंतपणानंतर. आतल्या मूळव्याधीत रक्त जातं पण सहसा दुखत नाही. फिशरमध्ये रक्त थोडंसंच, दुखणं मात्र जीव काढणारं, आणि संडासहून आल्यावरही तासन् तास ठणकत राहणारं. सहा ते आठ आठवड्यांच्या आतलं असेल तर ते ताजं. त्याहून जुनं झालं की चिरेच्या कडा कडक होतात, बाहेर कातडीचा छोटा कोंब येतो. लोक त्यालाच ‘मोड आला’ म्हणतात आणि पुन्हा मूळव्याधीच्याच औषधांकडे वळतात.

एवढीशी चीर, मग तासन् तास का दुखतं? त्या जागी दोन स्नायू असतात. बाहेरचा आपल्या ताब्यात. आतला नाही, तो स्वतःच्या मनाने आवळतो. चीर पडली की तो घट्ट आवळून बसतो, आणि आवळला की त्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो. १९९४ साली नेदरलँड्समधल्या सर्जननी हे मोजूनच दाखवलं. आतला दाब जितका जास्त, तितकं मागच्या बाजूच्या कातडीत रक्त कमी. रक्त नाही तर जखम भरणार कशी? त्यात माणूस दुखण्याच्या भीतीने जायचंच टाळतो, शौच आणखी वाळतं आणि दुसऱ्या दिवशी तीच चीर पुन्हा उसवते.

आता ट्यूब उलटी करा आणि मागे वाचा.

लिग्नोकेन एकटंच असेल, तर ती बधिर करणारी. ज्याचं संडासला जायचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो, त्याच्यासाठी ही वाईट नाही. जायच्या काही मिनिटं आधी लावली तर ती वेळ निभते. पण चीर भरून आणायचं काम ती करत नाही. ताज्या, पहिल्यांदाच झालेल्या फिशरवरचा १९८६ सालचा डेन्मार्कमधल्या येन्सेन यांचा एक अभ्यास मला फार आवडतो, कारण त्यात कुठलंच भारी औषध नाही. एका गटाला लिग्नोकेनचं मलम, दुसऱ्याला हायड्रोकॉर्टिझोनचं (हे स्टेरॉइड), आणि तिसऱ्याला मलमच नाही, फक्त गरम पाण्यात बसणं आणि गव्हाचा कोंडा. तीन आठवड्यांनी लिग्नोकेनवाल्यांपैकी ६० टक्के लोकांची चीर भरली होती, हायड्रोकॉर्टिझोनवाल्यांत सुमारे ८२ टक्के, आणि कोंडा खाऊन पाण्यात बसलेल्यांत ८७ टक्के. पहिल्या दोन आठवड्यांत आरामही या शेवटच्या गटालाच जास्त पडला. अभ्यास छोटा होता, शंभरेक माणसांचा. तरी ट्यूब विकणाऱ्या बाईने हे आकडे तोंडपाठ ठेवावेत असं मला वाटतं.

दुसरी जात मिश्र ट्यूबची. आपल्याकडे खप हिचाच. लिग्नोकेन, सोबत एखादं स्टेरॉइड, आणि फेनिलेफ्रिन. मूळव्याधीची सूज उतरवण्यासाठी ही भट्टी जमवलेली आहे. त्यातल्या फेनिलेफ्रिनवर माझा राग आहे. ते रक्तवाहिन्या आकसवतं. मूळव्याधीत फुगलेल्या वाहिन्या असतात, तिथे एक वेळ ठीक. पण जिथे मुळात रक्तच कमी पोचतंय तिथे वाहिन्या आणखी आकसवून काय साधणार? त्यावर कडी म्हणजे, ज्यांना शौचावर ताबा राहत नाही अशा रुग्णांचा हाच आतला स्नायू घट्ट व्हावा म्हणून संशोधकांनी फेनिलेफ्रिनचं जेल वापरून पाहिलंय. आपल्या ट्यूबमध्ये त्याचं प्रमाण त्या जेलपेक्षा खूपच कमी असतं, त्यामुळे ती लावून कोणाचं मोठं नुकसान होईल असं मी म्हणत नाही. पण फिशरसाठी ती बनलेलीच नाही, एवढं खरं.

स्टेरॉइडचं मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. वरच्याच अभ्यासात हायड्रोकॉर्टिझोनने वाईट कामगिरी केली नाही. थोडे दिवस, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लावलं तर ठीक. गडबड होते ती ‘बरं वाटतंय, लावत राहू’ म्हणत महिनोन् महिने चोळण्याने. कातडी पातळ पडते, त्यावर बुरशीची खाज सुटते, आणि खाजेसाठी पुन्हा तीच ट्यूब. २०१८ साली सरकारने स्टेरॉइडची बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. हे सांगितलं की गिऱ्हाईक म्हणतं, ‘समोरचा देतो की!’ देत असेल. मी काय करू?

तिसरी जात स्नायू सैल करणाऱ्यांची. माझ्या मते ट्यूब घ्यायचीच तर या गटातली. इथे तीन नावं लक्षात ठेवा: नायट्रोग्लिसरीन, डिल्टियाझेम, निफेडिपिन. तिन्ही मुळात हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांमधली औषधं. त्यामुळे चिठ्ठीवर ती वाचून घरचे घाबरतात. ‘ह्यांना हार्टचं काही झालंय का?’ असं विचारत एक काकू दुकानात आल्या होत्या. झालं काही नव्हतं. रक्तवाहिन्यांचा आणि गुदद्वाराचा आतला स्नायू एकाच स्वभावाचे, म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला चालतं.

यात नायट्रोग्लिसरीन सगळ्यात आधी गाजलं. नॉटिंगहॅमच्या लुंड आणि स्कोलफील्ड यांनी १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या अभ्यासात ०.२ टक्के मलमाने आठ आठवड्यांत ६८ टक्के जुनाट फिशर भरले, नुसत्या खोट्या मलमाने ८ टक्के. पुढे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर हा फरक एवढा मोठा राहिला नाही, आणि औषध बंद केल्यावर बऱ्याच जणांना त्रास परतलाही. शिवाय डोकेदुखी. त्या पहिल्या अभ्यासातच निम्म्याहून अधिक लोकांचं डोकं दुखलं होतं. डायनामाइटच्या कारखान्यातल्या कामगारांनाही हीच डोकेदुखी व्हायची, कारण पदार्थ तोच. खुद्द आल्फ्रेड नोबेलना म्हातारपणी हृदयासाठी नायट्रोग्लिसरीन घ्यायला सांगितलं, तेव्हा त्यांनी पत्रात लिहिलं होतं की औषधवाला आणि लोक घाबरू नयेत म्हणून त्याला ट्रायनायट्रिन म्हणतात. औषधवाली म्हणून हे वाचताना मला हसू आलं होतं. हसण्यावारी न न्यायची गोष्ट वेगळीच आहे. सिल्डेनाफिल (म्हणजे व्हायग्रा) किंवा त्या जातीची गोळी घेणाऱ्याने हे मलम अजिबात लावू नये, रक्तदाब धोकादायक उतरतो. पुरुष मंडळी ती गोळी एका दुकानातून घेतात आणि हे मलम दुसऱ्या दुकानातून, म्हणून मुद्दाम लिहिलं.

डिल्टियाझेम २ टक्के आणि निफेडिपिन हे दोघं भाऊ. गुण साधारण नायट्रोग्लिसरीनइतकाच, डोकेदुखी बरीच कमी. कोणाकोणाला जागेवर खाज किंवा लाली येते. निफेडिपिन आपल्याकडे बहुतेकदा ०.३ टक्के आणि सोबत लिग्नोकेन १.५ टक्के असं मिळतं, म्हणजे सैल करणं आणि बधिर करणं एकाच ट्यूबमध्ये. ताज्या फिशरवरचा मोठा अभ्यास निफेडिपिनचाच. इटलीत, १९९९ साली, २८३ रुग्ण. तीन आठवड्यांत निफेडिपिनच्या जेलने ९५ टक्के बरे, आणि लिग्नोकेन-हायड्रोकॉर्टिझोनच्या जेलने ५० टक्के. ९५ हा आकडा मला जरा जास्तच गोड वाटतो. औषधाच्या दुनियेत इतकं गोड काही फार वेळ टिकत नाही. पण दिशा बरोबर आहे. अमेरिकेतल्या कोलोरेक्टल (मोठं आतडं आणि गुदद्वाराच्या) सर्जनांच्या संघटनेचाही कल नायट्रोग्लिसरीनपेक्षा या दोघांकडे आहे, तो त्यांच्या कमी त्रासामुळे.

जात्यादी तेलाबद्दल विचारणारे असतातच. परंपरेने ते जखमेवर वापरतात. पण त्यात मोरचूदही असतं, म्हणून वैद्यांना विचारूनच लावा, यूट्यूबला विचारून नको. खोबरेल लावून बरं वाटत असेल तर लावा की, घर्षण तरी कमी होतं. टूथपेस्ट, चुना, तुरटीचं पाणी यांचे प्रयोग मात्र कृपा करून करू नका. हो, करतात लोक.

पाण्यात बसण्याचंही तेच. टबात कोमट पाणी, दहा-पंधरा मिनिटं, बस्स. त्यात डेटॉल ओतायचं नाही, मीठ मूठभर टाकायचं नाही, पाणी चटका बसेल इतकं कढतही नको. नागपूरच्या एका सर्जननी २००६ मध्ये ताज्या फिशरच्या रुग्णांवर हेही तपासलं. इसबगोल दोन्ही गटांना, टबात बसणं एकाच गटाला. बरं होण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, पण बसणाऱ्यांना समाधान जास्त वाटलं. म्हणजे सुख आहे, म्हणून बसा. ज्या माणसाकडे टब नाही, चाळीत एकच न्हाणीघर आहे, त्याने त्यासाठी जीव टांगणीला लावायची गरज नाही.

राहिलं पोट. माझ्या मते खरं औषध इथे आहे. याच येन्सेन यांनी १९८७ मध्ये बरे झालेल्या लोकांना वर्षभर कोंडा देऊन पाहिलं. दिवसाला १५ ग्रॅम खाणाऱ्यांपैकी १६ टक्के लोकांना पुन्हा चीर पडली, त्याच्या निम्मा खाणाऱ्यांत ६० टक्के, आणि कोंड्याऐवजी नुसतं खोटं औषध मिळालेल्यांत ६८ टक्के. म्हणजे अर्धवट केलं तर न केल्यासारखंच. आणि आपण काय करतो? कणीक बारीक चाळणीने चाळतो आणि कोंडा टाकून देतो. ज्वारीची भाकरी, सालीसकट मूग-मटकीची उसळ, पालेभाजी हे सगळं घरात असतं, पण ऑफिसात दुपारी वडापाव आणि दिवसभर चहा. इसबगोल घ्यायचं तर मोठा ग्लासभर पाण्यात, घट्ट व्हायच्या आत, आणि वर आणखी पाणी. अर्ध्या वाटी पाण्यात कालवून खाल्लं तर उलट अडकतं.

बाळंतिणींबद्दल वेगळं बोलायचंय. लोहाच्या गोळ्या चालू, त्याने बद्धकोष्ठ. वरून तूप-डिंकाचे लाडू, आणि ‘पाणी जास्त प्यायलीस तर पोट सुटेल’ म्हणणारी घरातली मोठी माणसं. बाळाला पाजून आधीच कोरडी पडलेली मुलगी रडत संडासातून बाहेर येते आणि कोणाला सांगत नाही. सासूबाई, तिला पाणी प्यायला द्या. आणि पाजत असेल किंवा दिवस गेलेले असतील तर वरच्यापैकी कुठलीही ट्यूब डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

लावायची कशी, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. हरभऱ्याएवढं मलम, बोटावर, जागेच्या कडेला आणि जेमतेम आत. ट्यूबबरोबर भोकांची प्लास्टिकची नळी मिळते, ती ताज्या चिरेत घुसवायचा अट्टहास नको, दुखणं वाढतं. हात आधी आणि नंतरही धुवा, किंवा ग्लव्ह घाला. नायट्रोग्लिसरीन पहिल्यांदा लावाल तेव्हा बसून राहा, चक्कर येऊ शकते. स्नायू सैल करणारं मलम दिवसातून दोन-तीनदा, डॉक्टर सांगतील तितके आठवडे, साधारण सहा ते आठ. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबवलं की महिन्याभरात परत काउंटरवर.

आणि कुठलीच ट्यूब न घेता आधी डॉक्टरांकडे जायची कारणंही आहेत. चीर मधोमध नसून बाजूला असेल, एकाहून जास्त असतील, जखम आहे पण दुखतच नाही, ताप, पू, वजन उतरणं, किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त. यामागे क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा जुनाट आजार), टीबी, क्वचित कॅन्सरही असू शकतो. आठ आठवडे सगळं नीट करूनही भरली नाही तर बोटॉक्सचं इंजेक्शन आहे, छोटं ऑपरेशन आहे, आणि ते सर्जनने करायचं. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘मूळव्याध, भगंदर, फिशर, एका टाक्यात मुक्ती’ लिहिणाऱ्याने नाही.

कमेंटमध्ये ट्यूबचा फोटो टाकून ‘ही चालेल का’ विचारू नका, मी उत्तर देणार नाही. फोटो काढायचाच तर मागच्या बाजूचा काढा, झूम करा, वरची तीन नावं शोधा आणि तो फोन तुमच्या डॉक्टरांसमोर धरा. दुकानात याल तेव्हा गर्दी असली तरी थांबू नका. नुसतं ‘फिशर’ म्हणा, मी समजेन.