गाणं झालंय ना? मग सोडा की!

पिंक फ्लॉइड या इंग्लंडच्या जुन्या रॉक बँडने ८ एप्रिल २०२२ ला ‘हे हे राइज अप’ हे एकच गाणं बाहेर काढलं. त्याच्या मागे अल्बम नव्हता, पुढे टूर नव्हती. आदल्या दिवशी बातमी आली आणि मध्यरात्री गाणं. या नावाखाली नवीन काही रेकॉर्ड झालं ते थेट १९९४ नंतर. (२०१४ चा अल्बम आठवणाऱ्यांसाठी : तो मुख्यतः जुन्या टेपांवर उभा होता.)

मालवणात बसून मी हे आज का उगाळतोय? तर भाच्याच्या बँडमुळे. पोरांनी एक गाणं केलंय, जून-जुलैतल्या बंद दर्यावर. मासेमारी थांबलेली, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, घरात सुक्या बांगड्याचा वास आणि कर्त्या माणसांची चिडचिड. गाणं चांगलं झालंय, मामा म्हणून सांगत नाही. रेकॉर्डिंग, मिक्सिंग सगळं उरकलंय. आणि ते येणार कधी? दिवाळीला! आधी पोस्टर, मग टीझर, मग प्री-सेव्हची (गाणं यायच्या आधीच जपून ठेवायची) लिंक, मग काउंटडाउन.

मी म्हटलं, “अरे, नारळी पुनव झाली काय सगळे दर्यात. मगे ह्यां गाणां आयकतलो कोण?”

“मामा, तुका नाय कळाचा. अल्गोरिदम आसता.”

असेल बुवा. पण फ्लॉइडवाल्यांनी काय केलं ते बघा. युक्रेनच्या बूमबॉक्स बँडचा गायक आंद्री ख्लिवन्यूक, रशियाने हल्ला केल्यावर, अमेरिकेतला दौरा अर्धवट टाकून लढायला मायदेशी परतला. कीवच्या सोफिया चौकात लष्करी कपड्यांत, खांद्याला बंदूक अडकवून त्याने १९१४ सालचं एक गाणं म्हटलं. साथीला एकही वाद्य नाही. तो व्हिडिओ इन्स्टाग्रामवर फिरला आणि फ्लॉइडचा गायक-गिटारवाला डेव्हिड गिल्मर याच्यापर्यंत पोचला. गिल्मरची सून युक्रेनची, त्यामुळे युद्ध त्याच्या घरातच शिरलेलं. ३० मार्चला तो, ड्रमवर निक मेसन, बेसवर गाय प्रॅट आणि कीबोर्डवर नितीन साहनी एकत्र जमले आणि त्या मोकळ्या आवाजाला त्यांनी साज चढवला. ख्लिवन्यूक तेव्हा जखमी होऊन इस्पितळात होता. गिल्मरने त्याला फोनवरूनच थोडं ऐकवलं आणि त्याचा होकार घेतला. रेकॉर्डिंगपासून नवव्या दिवशी गाणं लोकांपुढे! मिळकत युक्रेनच्या मदतकार्याला.

आता खरं सांगू? हे काही फ्लॉइडचं थोर गाणं नाही. गिल्मरचा गिटारवरचा सोलो सुरेख आहे, पण तो कुठे वळणार हे जुन्या श्रोत्याला आधीच कळतं. फ्लॉइडचा कीबोर्डवाला रिक राइट २००८ मध्ये गेला, त्याची उणीव जाणवतेच. तरी मला ते आवडतं, कारण त्यात घाई ऐकू येते. चौकात गाणाऱ्या माणसाने ताल-सूर कुणाला विचारून धरलेला नाही, चार मुरलेले वादक त्याच्या मागून चाललेत. डबलबारीत, म्हणजे आमच्याकडच्या दोन भजनी बुवांच्या सामन्यात, बुवाने अचानक गजर उचलला की पखवाजवाला त्याच्या तोंडाकडे बघत हात टाकतो, तसं.

डबलबारीचं नाव निघालंच आहे तर सांगतो. आपल्याकडे समोरच्या बुवाने चिमटा काढला की उत्तर त्याच रात्री द्यावं लागतं. गावात काल काय झालं ते आज गजरात येतं. ते उत्तर दिवाळीपर्यंत राखून ठेवलं तर मांडवातली शेवटची म्हातारीसुद्धा हसेल.

सुटं गाणं काढणं ही काही नवी टूम नाही. बीटल्सचं ‘हे ज्यूड’ १९६८ मध्ये असंच सिंगल म्हणून आलं, त्या वर्षीच्या अल्बममध्ये ते नव्हतंच. सात मिनिटांचं गाणं, तरी चाललं. रोलिंग स्टोन्सचं ‘लिव्हिंग इन अ घोस्ट टाउन’ आधीच सुरू झालेलं होतं, पण एप्रिल २०२० मध्ये जगभर रस्ते ओस पडले तेव्हा त्यांनी ते पुरं करून सोडलं. वर्षभर थांबले असते तर त्याला कोण विचारणार होतं?

भाच्याचीही बाजू आहे, नाकारत नाही. फ्लॉइडने मध्यरात्री शिंक दिली तरी सकाळी तिची बातमी होते. कोकणातल्या पोरांना ओळखतं कोण? त्यांना पोस्टर लागणार, ओळखीपाळखी लागणार, स्टुडिओचे पैसेही सुटायला हवेत. सगळं मान्य. प्रेमाचं गाणं असतं तर खुशाल दिवाळीला काढा म्हटलं असतं. अल्बमचा बेतही आरामात आखावा, त्याला वेळ लागतोच. पण हे गाणं बंद दर्याचं आहे. ज्याला ते लागू पडतं तो माणूस आत्ता घरात मोबाईल घेऊन बसलाय, दिवाळीत तो बोटीवर असेल.

तेव्हा भाच्या, टॅग केलंय तुला. नारळी पौर्णिमेच्या आत टाकलंस तर जेट्टीवरच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी स्वतः पाठवतो, वर शिव्याही खातो. दिवाळीला टाकलंस तर मामीकडून शेअर करून घे.