धसकटाची जखम आणि चुलीतली राख

तुरीची कापणी झाली की वावरात धसकटं उरतात आणि दर दोन घरांआड कोणाच्या तरी पायात एखादं घुसतं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मेसेज: "सूज अन् पू म्हणजे शरीरातलं विष. वाहू द्या. राख भरा, पट्टी बांधू नका, प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा प्या."

सूज विष नाही. कातडी फाटली की तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतून पाणी आणि पांढऱ्या पेशी झिरपतात. काट्याभोवती पेशी गोळा होतात हे मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानं १८८२ मध्ये तारामाशाच्या अळीत गुलाबाचा काटा टोचून पाहिलं होतं. त्याला १९०८ चं नोबेल मिळालं.

काही तासांतच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी पोचतात, जंतू गिळतात आणि मरतात. पू म्हणजे मुख्यतः त्यांचीच मढी. साठलेला पू डॉक्टरनं काढायलाच हवा, तेवढं मेसेजचं खरं. पण तो येतच राहिला तर समजा, जंतू किंवा धसकटाचा तुकडा अजून आत आहे.

खरी गफलत काढ्यात आहे. दोन-तीन दिवसांनी मॅक्रोफेज या दुसऱ्या, मोठ्या पांढऱ्या पेशींचा जोर वाढतो. त्या मेलेल्या न्यूट्रोफिल खातात आणि मग स्वतःचं वागणं बदलतात: जळजळ वाढवणं सोडून नव्या रक्तवाहिन्या आणि कोलॅजेन (कातडीला बळकटी देणारं प्रथिन) तयार करायचे इशारे देतात. मधुमेहात हा बदल वेळेवर होत नाही. वावर वखरतच बसलं तर पेरणी कधी होणार? अशा जखमेला आणखी चेतवलेली प्रतिकारशक्ती काय कामाची! त्यात शुगरवाल्याला गूळ घालून काढा पाजणारे तर धन्यच.

उघड्या जखमेचं म्हणाल तर जॉर्ज विंटर या संशोधकानं १९६२ मध्ये डुकरांवर दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगानं धरते. राख पेशींना पचत नाही, सूज मात्र लांबते. आणि शेणामातीचा संबंध आला की धनुर्वाताचे जंतूही आत जाऊ शकतात. साबण-पाण्यानं धुवा, स्वच्छ पट्टी बांधा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं दवाखान्यात विचारा.

दोन-तीन आठवड्यांत जखम आकसली नाही तर साखर तपासा. आणि जखम घोट्याजवळची असेल तर विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचीही तपासणी करा; त्या रुग्णांच्या घोट्यावरच्या जखमा कधीकधी महिनोन्महिने भरत नाहीत.