बी-2 रडारवर दिसतं, पण उशिरा

जून 2025 मध्ये अमेरिकेच्या बी-2 बॉम्बर विमानांनी इराणच्या फोर्दो आणि नतांझ इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, तेव्हापासून दोन वाक्यं सारखी वाचायला मिळतात. एक, 'हे विमान रडारला दिसतच नाही.' दोन, 'भारतानेही असं बॉम्बर घेतलंच पाहिजे.' पहिलं वाक्य चूक आहे. ते का चूक आहे हे कळलं की दुसऱ्याचं उत्तर बरंचसं हाताशी येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी रडारचं गणित. विमानावर आदळून किती लहरी परत येतात, त्या आकड्याच्या चौथ्या मुळावर रडारचा पल्ला ठरतो. परावर्तन निम्म्यावर आणलं तरी पल्ला घटतो जेमतेम 16 टक्के. पल्ला दहावा हिस्सा करायचा असेल तर परावर्तन दहा हजार पटींनी कमी करावं लागतं. तेवढं जमलं की 400 किलोमीटरवरून दिसणारं विमान 40 किलोमीटरवर आल्यावर दिसतं. ताशी 900 किलोमीटर वेगाने हे अंतर कापायला तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. शिवाय एकमेकांना जोडून उभ्या केलेल्या रडारांच्या मधे आता मोठमोठ्या फटी पडतात आणि विमान त्यांतून वाट काढतं. स्टेल्थ म्हणतात ते हेच.

हे दहा हजार पटींचं काम रंगाने होत नाही. मोठा वाटा आकाराचा, लहरी शोषणारा लेप येतो त्यानंतर. बी-2 वरून बघा: 52 मीटर पसरलेला एकच पंख, लांबी फक्त 21 मीटर. मागची कड करवतीसारखी आहे, पण तिची प्रत्येक तिरकी रेघ पुढच्या दोन कडांपैकी एकीला समांतर आहे. त्यामुळे कडांवरून उडणाऱ्या लहरी मोजक्याच दिशांना एकवटतात आणि बाकी सगळीकडे शांतता राहते. चाकांच्या आणि बॉम्बच्या कप्प्यांची दारंही म्हणूनच दातेरी. सरळ आडवी एक फट राहिली तरी ती समोरच्या रडारला आरसा दाखवल्यासारखी चमकते.

इंजिनं चार, चारही पंखाच्या पोटात पुरलेली. हवा वरच्या बाजूने आत येते आणि वाकड्या नळीतून इंजिनापर्यंत जाते, कारण इंजिनाची फिरणारी पाती समोरून दिसली तर रडारला आयतं सावज मिळतं. धूरही वरच्याच बाजूने, थंड हवा मिसळून, चपट्या तोंडातून बाहेर पडतो, म्हणजे खालून उष्णता कमी दिसते. या धुराच्या तोंडाच्या रचनेवर काम केलेला अभियंता नोशिर गोवाडिया मुंबईत जन्मलेला. चीनला अशाच तंत्राची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेत त्याला 2011 मध्ये 32 वर्षांची शिक्षा झाली. एका नळकांड्याच्या आकाराचं मोल यावरून लक्षात यावं.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. या विमानाला उभं शेपूट नाही, कारण उभं शेपूट बाजूच्या रडारला ठळक दिसतं. शेपूट गेलं की विमान स्वतःहून सरळ उडत नाही. म्हणून पंखांच्या टोकांना वर-खाली फाकणाऱ्या झडपा बसवल्यात. डावी फाकली की डावीकडे हवेची ओढ वाढते आणि नाक डावीकडे वळतं. हे सगळं क्षणोक्षणी संगणक सांभाळतो, आणि त्यासाठी त्याला वेग आणि हवेशी होणारा कोन अचूक कळावा लागतो. इतर विमानांत हे मोजायला नाकाशी नळी पुढे काढलेली असते. इथे नळी चालत नाही, तीही रडारवर दिसते. म्हणून अंगाशी सपाट अशी छोटी भोकं ठेवलीत आणि त्यांच्या आत हवेचा दाब मोजणारे 24 सेन्सर.

23 फेब्रुवारी 2008, पॅसिफिकमधलं ग्वाम बेट. तिथल्या अमेरिकी तळावरून एक बी-2 निघणार होतं. दमट हवा. त्यातल्या तीन सेन्सरमध्ये ओलावा शिरलेला होता, आणि त्या ओलाव्यासकट त्यांचं मापन जुळवलं गेलं. उड्डाणाआधी सेन्सर तापवायची यंत्रणा चालू केली, पाणी उडून गेलं आणि जुळवणी खोटी ठरली. संगणकाला वेग खऱ्यापेक्षा जास्त दिसला, म्हणून विमानाने जमीन लवकर सोडली. कोन उलटा दिसला, म्हणून संगणकाने स्वतःच नाक सुमारे 30 अंश वर उचललं. वेग संपला, डाव्या पंखाचं टोक जमिनीला घासलं. दोन्ही वैमानिक बाहेर फेकले गेले आणि वाचले, पण 1.4 अब्ज डॉलरचं विमान जळून गेलं. जुळवणीआधी सेन्सर तापवून घ्यायची युक्ती काही जणांना माहीत होती. ती सगळ्यांपर्यंत लेखी पोचलेली नव्हती. वैमानिकांची यात काही चूक नव्हती, हे मुद्दाम सांगतो.

दुसरं दुखणं कातडीचं. प्रत्येक झाकणाच्या फटीवर वीज वाहणारी पट्टी लावून आणि लांबी (म्हणजे पुटी) भरून पृष्ठभाग अखंड करावा लागतो. आतला एक भाग तपासायला झाकण उघडलं की ती लांबी खरवडायची, काम करायचं, पुन्हा भरायची, ती सुकेपर्यंत थांबायचं आणि मग पृष्ठभाग परत तपासायचा. नंतर फवारून लावायचा नवा लेप आला आणि पट्ट्यांचं काम बरंच कमी झालं, पण ऊन, पाऊस, दमट हवा आजही नकोच. अमेरिकेच्या मिझुरी राज्यातल्या व्हाइटमन तळावर या विमानांना वातानुकूलित हँगर दिलेत ते याचसाठी. आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या आषाढात असं विमान उघड्यावर उभं करण्याचा विचारही करू नये.

मूळ योजना 132 विमानांची होती. शीतयुद्ध संपलं आणि ती 21 वर आली. विकासाचा सगळा खर्च तेवढ्यांवरच वाटला गेल्याने एकेक दोन अब्ज डॉलरच्या वर गेलं. एक ग्वामला गेलं, दुसरं डिसेंबर 2022 च्या अपघातानंतर दुरुस्त न करता मोडीत काढलं. उरली 19.

त्यातली 7 इराणवर गेली, प्रत्येकात 13,600 किलोचे दोन बॉम्ब. हा बॉम्ब वाहणारं दुसरं विमान आज त्यांच्याकडे वापरात नाही. पण त्या मोहिमेत एकूण 125 हून जास्त विमानं होती: हवेत इंधन भरणारे टँकर, पुढे जाऊन वाट मोकळी करणारी लढाऊ विमानं, लक्ष भलतीकडे वेधणारी बॉम्बर. मिझुरीतून निघून परतायला सुमारे 37 तास लागले. टँकर नसते तर जाऊन परत येणं शक्यच नव्हतं.

म्हणून 'आपणही बॉम्बर घेऊ' हे मला पटत नाही. आपली शेवटची कॅनबेरा 2007 मध्ये निवृत्त झाली, तेव्हापासून हवाई दलाकडे निव्वळ बॉम्बर नाही, आणि ते सकारण आहे. आपली बहुतेक लक्ष्यं लढाऊ विमानाच्या टप्प्यात आहेत. नाशिकजवळ ओझरला एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) सुखोई-30 या लढाऊ विमानाच्या पोटाखाली अडीच टनांचं ब्रह्मोस क्षेपणास्त्र बसवण्याजोगे बदल केले, 2016 मध्ये त्याचं पहिलं उड्डाणही तिथेच झालं. शत्रूच्या रडारच्या जवळ न जाताच मारा करायचा हा मार्ग आपल्या खिशाला आणि हवामानाला मानवतो. कमतरता आहे ती टँकरची. इतक्या मोठ्या हवाई दलाकडे स्वतःची आयएल-78 टँकर विमानं फक्त सहा घेतलेली आहेत, आणि मागणी करायचीच असेल तर ती आधी त्यांची संख्या वाढवण्याची करावी.